मुक्तस्रोत कार्यप्रणाली आणि बिनतारी नेटवर्क कार्डाची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९७ ते २०२३)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा मोठ्या शोधांभोवती आणि मोठ्या कंपन्यांभोवती फिरते. वापरणाऱ्याला रोज भेडसावणाऱ्या लहान अडचणींना त्या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही. लिनक्ससारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली वापरणाऱ्याने कोणते बिनतारी नेटवर्क कार्ड विकत घ्यावे, हा असाच एक वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र जगभरातील विद्यार्थी, प्राध्यापक, प्रयोगशाळा साहाय्यक आणि हौशी संगणकप्रेमी यांना या प्रश्नाने सतत सतावले. दुकानातून आणलेले कार्ड विंडोजवर तत्काळ चालत असे. तेच कार्ड लिनक्सवर निर्जीव पडून राही.

या घटनेची दोन स्पष्टीकरणे त्या काळी सर्रास दिली जात. पहिले असे, की लिनक्स अजून अपरिपक्व आहे. दुसरे असे, की कार्डच सदोष आहे. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही स्पष्टीकरणे टिकत नाहीत. कार्ड आणि कार्यप्रणाली यांचे जुळणे किंवा न जुळणे हा त्या वस्तूचा अंगभूत गुण नव्हता. चिप बनविणारी कंपनी त्या चिपविषयीचे ज्ञान कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर देते, यावर ते अवलंबून होते. प्रस्तुत निबंधात हा विचार १९९७ ते २०२३ या कालखंडातील घटनांच्या आधारे मांडला आहे.

पार्श्वभूमी : खुल्या लहरी, खुले मानक, खुली प्रणाली

बिनतारी नेटवर्कचा उदय एका धोरणात्मक निर्णयातून झाला. १९८५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २.४ गिगाहर्ट्झसह काही रेडिओ पट्टे विस्तारित वर्णपट पद्धतीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुले केले. त्यानंतर आलेल्या बिनतारी कार्डांमध्ये एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील केंद्रात विकसित झालेले वेव्हलॅन हे महत्त्वाचे होते. मात्र प्रत्येक उत्पादकाची पद्धत वेगळी असल्याने एका कंपनीचे कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कार्डाशी संवाद साधू शकत नसे. १९९७ साली आयईईई या संस्थेने ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले आणि ही अडचण दूर होण्यास प्रारंभ झाला. या पहिल्या मानकाचा वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट इतकाच होता. १९९९ च्या ८०२.११बी या सुधारित मानकाने तो ११ मेगाबिटपर्यंत नेला. त्याच वर्षी ॲपलने आपल्या संगणकांत एअरपोर्ट या नावाने ही सोय दिली आणि बिनतारी कार्ड सामान्य ग्राहकाच्या आटोक्यात येऊ लागले. ८०२.११जी हे ५४ मेगाबिट वेगाचे मानक २००३ साली आले.

याच काळात लिनक्सची वाटचाल चालू होती. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिचे गाभ्याचे काम, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केले. १९९२ पासून ते जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध झाले. आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचता, बदलता आणि वाटता यावा, हे या परवान्याचे सूत्र होते. बिनतारी कार्डांना लिनक्समध्ये सामायिक भाषा मिळावी यासाठी जाँ तूरिल्स याने वायरलेस एक्स्टेन्शन्स हा आराखडा घडविला. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९९६ पासून या प्रकल्पास पाठबळ दिले.

लहरी खुल्या, संवादाचे मानक प्रसिद्ध आणि कार्यप्रणालीचा मजकूरही खुला, अशी ही स्थिती होती. तरीही कार्ड चालत नसे. याचे कारण असे, की ८०२.११ हे मानक दोन उपकरणांनी हवेतून परस्परांशी कसे बोलावे एवढेच सांगते. संगणकाने आपल्याच आत बसविलेल्या चिपशी कसे बोलावे, हे ते सांगत नाही. त्या चिपच्या कोणत्या नोंदकोशात कोणता आकडा लिहिला असता कोणती क्रिया घडते, हे केवळ उत्पादकास ठाऊक असते. ते ज्ञान ज्या आज्ञावलीत गुंफलेले असते तिला ड्रायव्हर म्हणतात. मानक सार्वजनिक असूनही वापर बंदिस्त राहू शकतो, हे या इतिहासातील पहिले महत्त्वाचे निरीक्षण होय.

प्रारंभीचा अनुकूल काळ

८०२.११बी च्या काळात बाजारात दोन चिपकुळे प्रमुख होती. एक लुसेंटचे हर्मिस, जे ओरिनोको या नावाच्या कार्डांत असे. दुसरे इंटरसिलचे प्रिझम. या दोन्ही कुळांत बिनतारी संवादाचे बरेचसे काम कार्डावरील फर्मवेअरच करीत असल्याने ड्रायव्हरचे काम मर्यादित होते. दोन्हींसाठी लिनक्सचे ड्रायव्हर तयार झाले. प्रिझम २, २.५ आणि ३ या चिपांसाठी योनी मालिनेन याने लिहिलेल्या होस्टएपी या ड्रायव्हरमुळे साध्या संगणकालाच ॲक्सेस पॉइंटचे रूप देता येऊ लागले. उत्पादकाने विक्रीच्या वेळी ज्याची कल्पनाही ग्राहकास दिली नव्हती, असा हा उपयोग होता. म्हणून त्या काळी लिनक्स वापरणाऱ्यास अनुभवी मंडळींचा सल्ला थोडक्यात असे : ओरिनोको घ्या, नाहीतर प्रिझमचे कार्ड घ्या.

खोक्यावरील नाव आणि आतील चिप

हा सल्ला पाळणे मात्र सोपे नव्हते. ग्राहकास दुकानात दिसत असे ते खोके, त्यावरील कंपनीचे नाव आणि कार्डाचा क्रमांक. चिपचे नाव तेथे क्वचितच असे. कार्ड विकणाऱ्या कंपन्या चिप स्वतः बनवीत नसत. ज्या वेळी जी चिप परवडे ती वापरीत, आणि चिप बदलली तरी कार्डाचे नाव पुष्कळदा तेच राही. लिंक्सिसच्या डब्ल्यूपीसी११ या कार्डाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रिझम चिप होती. चौथ्या आवृत्तीत तिच्या जागी रिअलटेकची चिप आली. डी-लिंकचे डीडब्ल्यूएल-६५० हे मूळ कार्ड प्रिझमवर आधारित होते, तर नावापुढे केवळ अधिकचे चिन्ह असलेल्या डीडब्ल्यूएल-६५०+ या कार्डात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप होती. डीडब्ल्यूएल-जी५२० मध्ये ॲथेरॉसची चिप, तर त्याच्याच अधिक-चिन्हांकित भावंडात पुन्हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. विंडोजच्या ग्राहकास या फरकाने काही बिघडत नसे, कारण योग्य ड्रायव्हर असलेली तबकडी खोक्यातच मिळे. लिनक्स वापरणाऱ्याला मात्र एका अधिक-चिन्हाने सारे पैसे वाया गेल्याचा अनुभव येई.

या अनिश्चिततेतून सामूहिक नोंदींची परंपरा निर्माण झाली. कार्ड जोडल्यावर एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबी ही आज्ञा दिली, की उत्पादकाचा आणि चिपचा सांकेतिक क्रमांक मिळतो. इंटेलचा संकेत ८०८६, ॲथेरॉसचा १६८सी, ब्रॉडकॉमचा १४ई४. खोक्यावरील नाव बदलते असले तरी हा क्रमांक चिपची खरी ओळख सांगतो. वापरणाऱ्यांनी कार्डाचे नाव, आवृत्ती, चिप आणि आलेला अनुभव यांच्या याद्या तयार केल्या व त्या सतत अद्ययावत ठेवल्या. उत्पादकाने न दिलेली माहिती ग्राहकांनी परस्परांना पुरविण्याचे हे कार्य ज्ञाननिर्मितीचाच एक प्रकार होते.

गुप्ततेची कारणे

२००३ नंतर परिस्थिती अधिक बिकट झाली. खर्च कमी करण्यासाठी उत्पादकांनी कार्डावरील प्रक्रियाशक्ती घटविली आणि पूर्वी कार्डावरील फर्मवेअर जे काम करीत असे त्यातील बरेचसे संगणकाच्या ड्रायव्हरवर टाकले. परिणामी ड्रायव्हर लिहिणे अवघड झाले; त्यासाठी चिपची सखोल माहिती आवश्यक ठरली, आणि नेमक्या त्याच वेळी अनेक कंपन्यांनी ती माहिती देण्यास नकार दिला.

या नकारामागे व्यावसायिक स्पर्धेचे कारण होतेच. परंतु आणखी एक कारण वारंवार पुढे केले जाई, ते रेडिओविषयक कायद्याचे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत ११ वाहिन्या, युरोपातील बहुतेक देशांत १३, तर जपानमध्ये ८०२.११बी साठी १४ वाहिन्या अनुज्ञेय होत्या. प्रक्षेपणाच्या शक्तीवरही देशागणिक वेगवेगळ्या मर्यादा होत्या. वाहिनी आणि शक्ती जर आज्ञावलीतून ठरत असेल, तर तिचा मजकूर खुला करताच कोणीही मर्यादा ओलांडेल आणि त्याचा दोष उत्पादकावर येईल, असा हा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परवान्याविना खुल्या असलेल्या लहरींचा उपयोग सर्वांना व्हावयाचा तर सर्वांनी मर्यादा पाळणे आवश्यकच असते.

या युक्तिवादातून काही मध्यममार्गी रचना जन्मास आल्या. ॲथेरॉसच्या चिपांसाठी सॅम लेफलर याच्या पुढाकाराने तयार झालेल्या मॅडवायफाय या ड्रायव्हरचा बहुतांश भाग खुला होता. परंतु चिपशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा हॅल नावाचा थर केवळ यंत्रभाषेत, बंदिस्त स्वरूपात दिला जाई. इंटेलने मार्च २००३ मध्ये सेंट्रिनो बाजारात आणले. त्यातील बिनतारी चिपांसाठी २००४ पासून कंपनीने स्वतःच लिनक्स ड्रायव्हरच्या कामास हात घातला. परंतु पुढे ३९४५ या चिपसाठी रेडिओ नियमन सांभाळणारा एक बंदिस्त कार्यक्रम संगणकावर चालविण्याची अट आली. उलटपक्षी तैवानच्या रालिंक कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा मजकूर जीएनयू परवान्याखाली खुला केला. रेडिओविषयक कायदे सर्वांना सारखेच लागू असताना एक कंपनी माहिती देते आणि दुसरी देत नाही, यावरून कायद्याचे कारण हे एकमेव कारण नव्हते, हे दिसून येते.

अडचणीतून काढलेले मार्ग

माहिती मिळत नाही म्हटल्यावर वापरणाऱ्यांनी दोन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग तडजोडीचा होता. २००३ साली आलेल्या एनडीआयएसरॅपर या आज्ञावलीने विंडोजसाठीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालविण्याची सोय केली. अनेकांची तातडीची गरज त्यामुळे भागली. मात्र आत काय चालले आहे हे कोणास कळत नसे व दोष दुरुस्त करता येत नसे. शिवाय विंडोजचे ते ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रक्रियकांपुरतेच असल्याने पॉवरपीसी प्रक्रियक असलेल्या ॲपलच्या संगणकांवर हा उपाय चालतच नव्हता.

दुसरा मार्ग कष्टाचा होता. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी स्वयंसेवकांनी स्वतःची विभागणी दोन गटांत केली. एका गटाने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते याचे वर्णन लिहिले; दुसऱ्या गटाने बंदिस्त ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये यासाठी ही विभागणी कटाक्षाने पाळण्यात आली. या परिश्रमातून सिद्ध झालेला बीसीएम४३एक्सएक्स हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. ॲथेरॉसच्या बाबतीत ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीतील रेयक फ्लोटर याने बंदिस्त हॅलला पर्यायी खुला थर लिहिला. तो लिनक्समध्ये आणावयाचा तर त्याच्या कायदेशीरपणाविषयी खात्री हवी होती. सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या अमेरिकेतील विधिसंस्थेने त्याची छाननी करून निर्वाळा दिला आणि एप्रिल २००८ च्या २.६.२५ या आवृत्तीत एटीएच५के हा ड्रायव्हर दाखल झाला. ड्रायव्हर लिहिण्यासाठी अभियंत्याइतकीच वकिलाचीही गरज पडावी, ही बाब या इतिहासाचे स्वरूप पुरेशी स्पष्ट करते.

परिवर्तनाचा काळ : २००७ ते २०१०

२००७ नंतर चित्र झपाट्याने पालटले. त्यामागे तीन कारणे संभवतात. पहिले कारण सामायिक पायाचे. डिव्हाइसस्केप या कंपनीने खुली केलेली आज्ञावली सुधारून तयार झालेला मॅक८०२११ हा समान थर जुलै २००७ च्या लिनक्स २.६.२२ मध्ये आला. तोपर्यंत जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हर बिनतारी मानकाची अंमलबजावणी आपापल्या परीने करीत असे. आता नव्या चिपसाठी केवळ त्या चिपपुरता मजकूर लिहिणे पुरेसे ठरले. दुसरे कारण रेडिओ नियमनाच्या प्रश्नाला मिळालेल्या खुल्या उत्तराचे. देशोदेशीच्या मर्यादांची सूची एकत्र ठेवून सर्व ड्रायव्हरांनी तिचे पालन करावे, अशी व्यवस्था २००८ च्या सुमारास लिनक्समध्येच करण्यात आली. गुप्तता पाळल्याशिवाय नियम पाळता येत नाहीत, हा दावा त्यामुळे दुबळा झाला. तिसरे कारण बाजारपेठेचे. राउटरसारख्या उपकरणांत लिनक्सचा वापर वाढत होता आणि लिनक्सवर न चालणारी चिप विकणे उत्पादकास परवडेनासे होत होते.

फळे लवकरच दिसली. इंटेलने २००७ साली नव्या ड्रायव्हरची घोषणा करून बंदिस्त कार्यक्रमाची अट काढून टाकली. ॲथेरॉसने २००८ मध्ये ८०२.११एन चिपांसाठी एटीएच९के हा पूर्णतः खुला ड्रायव्हर स्वतःच दिला. त्याच वर्षी जुन्या हॅलचा मजकूरही खुला झाला. दीर्घकाळ नकार देणाऱ्या ब्रॉडकॉमनेही सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. जे ज्ञान देणे शक्यच नाही असे सांगितले जात होते, ते अवघ्या काही वर्षांत दिले गेले.

सरकलेली सीमारेषा : फर्मवेअरचा प्रश्न

तथापि हा इतिहास केवळ विजयगाथा नाही. ड्रायव्हर खुला झाला तरी चिपच्या आत चालणारे फर्मवेअर बहुतांशी बंदिस्तच राहिले. खर्च वाचविण्यासाठी ते कार्डावर कायमचे न साठविता संगणक सुरू होताना ड्रायव्हरमार्फत चिपमध्ये भरण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे फर्मवेअरची धारिका संगणकात असणे आवश्यक झाले. इंटेल आणि रालिंक यांनी तिच्या वाटपास परवानगी दिली. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांबाबत अशी परवानगी नसल्याने वापरणाऱ्याला ती धारिका कंपनीच्या ड्रायव्हरमधून स्वतः काढून घ्यावी लागे. येथे एक विचित्र पेच उभा राही. फर्मवेअर मिळविण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी तेच फर्मवेअर हवे. विहिरीतून पाणी काढण्याची दोरी विहिरीच्या तळाशी असावी, तशी ही गत होती.

एटीएच९के वर चालणाऱ्या पीसीआय कार्डांना असे फर्मवेअर लागत नसे. म्हणूनच मुक्तस्रोताच्या काटेकोर पुरस्कर्त्यांत ती दीर्घकाळ प्रिय राहिली. परंतु ॲथेरॉस २०११ मध्ये क्वालकॉमकडे गेल्यानंतर आलेल्या ८०२.११एसी पिढीच्या एटीएच१०के चिपांना बंदिस्त फर्मवेअर अनिवार्य झाले. येथे खुलेपणाची वाटचाल एक पाऊल मागे गेली, असे म्हणावे लागते.

डेबियन या प्रतिष्ठित लिनक्स वितरणाचा प्रवास याबाबत उद्बोधक आहे. २०११ च्या सहाव्या आवृत्तीत डेबियनने आपल्या कर्नलमधून सर्व बंदिस्त फर्मवेअर वगळले. तत्त्व राखले गेले. परंतु अनेक लॅपटॉपवर प्रणाली बसविताना बिनतारी जोडणीच मिळेना. अखेर २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान होऊन असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात समाविष्ट करण्याचे ठरले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते अमलात आले. हा तत्त्वाचा पराभव की व्यवहाराचा विवेक, याविषयी मतभेद आहेत. मात्र प्रश्न सुटला नसून ड्रायव्हरकडून फर्मवेअरकडे सरकला, एवढे निश्चित म्हणता येते.

भारतीय संदर्भ आणि महाविद्यालयीन खरेदी

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यानंतर शैक्षणिक संस्थांच्या आवारात बिनतारी नेटवर्क उभारणे सुकर झाले. परवाना शुल्क वाचविण्यासाठी आणि विद्यार्थ्यांना प्रणालीचे अंतरंग पाहता यावे यासाठी लिनक्सचा विचार करणाऱ्या महाविद्यालयास कार्ड-निवडीचा प्रश्न टाळता येत नाही. दरपत्रके मागविताना वेग, किंमत आणि कंपनी यांचा उल्लेख असतो. चिपचा बहुधा नसतो. वरील इतिहास पाहता हीच मोठी उणीव ठरते. खरेदीच्या मागणीपत्रात चिपचे नाव व आवृत्ती विचारणे, त्या चिपचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट आहे काय हे पाहणे, फर्मवेअर वाटण्याची परवानगी आहे काय हे तपासणे आणि मोठ्या खरेदीपूर्वी एका नगाची प्रत्यक्ष चाचणी घेणे, एवढी चार पथ्ये पाळली तरी नुकसान पुष्कळ अंशी टळू शकते. ड्रायव्हर केवळ कंपनीकडून स्वतंत्रपणे मिळत असेल, तर कर्नलच्या पुढील आवृत्तीबरोबर तो निकामी होण्याचा धोका राहतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मानक सार्वजनिक असणे आणि उपकरण मुक्तपणे वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी, बिनतारी कार्ड लिनक्सवर न चालण्याचे मुख्य कारण तांत्रिक दुर्बलता हे नसून माहितीचा अभाव हे होते. माहिती मिळताच ड्रायव्हर तयार झाले. तिसरी, रेडिओविषयक कायद्याची अडचण खरी असली तरी गुप्तता हा तिच्यावरील एकमेव उपाय नव्हता. चौथी, खुलेपणा एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असे होत नाही. उपकरणाच्या प्रत्येक नव्या पिढीबरोबर तो पुन्हा मिळवावा लागतो.

या साऱ्या घडामोडींत सामान्य ग्राहकाचा वाटाही दुर्लक्षणीय नाही. कोणते कार्ड घ्यावे हे ठरविताना त्याने चिपची चौकशी केली, आपला अनुभव नोंदविला आणि माहिती देणाऱ्या उत्पादकास पसंती दिली. दोनशे कार्डे खरेदी करणाऱ्या संस्थेच्या चौकशीचे वजन एका ग्राहकाच्या चौकशीहून निश्चितच अधिक असते. शिक्षणसंस्थांनी हे वजन जाणीवपूर्वक वापरणे, हा त्यांच्या ज्ञानविषयक कर्तव्याचाच एक भाग ठरेल.